मसुदेकाकांचे हात

मसुदेकाका मला पहिल्यांदा भेटले ते एका मांजरीच्या निबंधात.

आठवीच्या मुलांना मी ‘आमचा पाळीव प्राणी’ हा विषय दिला होता आणि रविवारी दुपारी वह्यांचा ढीग घेऊन बसले होते. चौथ्या वहीत एका मुलीनं लिहिलं होतं, ‘सदर मांजर गेली तीन वर्षे आमच्याकडे वास्तव्यास असून तिच्या वर्तणुकीबाबत आजतागायत कोणतीही तक्रार प्राप्त झालेली नाही.’ मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. मांजर तशीच होती. सातव्या वहीत एक कुत्रा निघाला. त्याला ‘वेळोवेळी तोंडी समज देण्यात आली असून अपेक्षित सुधारणा अद्याप दिसून आलेली नाही.’ अकराव्या वहीतल्या पोपटाला पेरू हवा होता, आणि त्याच्या मागणीचा ‘सहानुभूतीपूर्वक विचार’ चालू होता.

असे सात निबंध निघाले. सातही जणांची अक्षरं वेगळी, सातही घरं वेगळी, पण आतून बोलणारा माणूस एकच, आणि तो साठीच्या पुढचा.

दुसऱ्या दिवशी मी मांजरवालीला बाजूला घेऊन विचारलं. ती मुळीच घाबरली नाही. शिकवणीला मसुदेकाका सांगतात आणि आम्ही लिहितो, असं तिनं सरळ सांगितलं.

“आणि मांजर?” मी विचारलं.

“मांजर आमचीच आहे, बाई,” ती म्हणाली. तिला वाटलं, मी मांजरीवर संशय घेतेय.

शाळेच्या मागच्या गल्लीत, शिंप्याच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर काकांचं घर होतं. मी तावातावानं जिना चढले. दार उघडलं ते एका बारीक, नीटनेटक्या गृहस्थांनी. सदऱ्याची वरची गुंडीसुद्धा लावलेली, खिशात दोन पेन्सिली. मी कोण ते सांगताच त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं, पंखा माझ्याकडे वळवला आणि मग हळूच विचारलं, “त्या मांजरीला किती दिलेत?”

“दहापैकी सहा.”

त्यांचा चेहरा उतरला. चार गुण कुठे गेले असतील, याचा ते खरोखरच विचार करू लागले. मी आले होते भांडायला, आणि बसल्या बसल्या त्या माणसाची समजूत घालू लागले.

काकांनी चौतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या कचेरीत पत्रव्यवहार विभागात मसुदे लिहिले होते. नळाला पाणी का आलं नाही, कधी येईल, आणि आलं होतं ते परत का गेलं, हे लोकांना कळवणं त्यांचं काम. लिहायचं त्यांनी, सही करायची साहेबांनी. हजारो पत्रं त्यांच्या हातून गेली, पण एकावरही त्यांचं नाव नाही. साहेबांची अभिनंदनाची पत्रं तेच लिहीत, दुखवट्याचीही तेच लिहीत. एकदा साहेबांचं घरी बिनसलं, तेव्हा बायकोची माफी मागणारं पत्रही काकांनीच लिहिलं. साहेबांनी सही करून ते घरी नेलं. बाईसाहेबांनी वाचलं आणि जावक क्रमांक काय, म्हणून विचारलं म्हणे.

काका निवृत्त झाले त्या दिवशीची गोष्ट तर मला काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, स्वतः सांगितली. निरोपाचं भाषण साहेब करणार होते. पण भाषण लिहिणारा कचेरीत एकच माणूस, आणि निरोप त्यालाच द्यायचा होता. तेव्हा काकांनी आदल्या आठवड्यात स्वतःच्या निरोपाचं भाषण स्वतःच लिहून दिलं. स्वभाव भिडस्त, त्यामुळे साडेतीन ओळी झाल्या. कामावर वेळेवर येत, कागदाची नासाडी करत नसत, अशा. साहेबांनी वाचलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, काकांनी आभार मानले. “हे घरी येऊन म्हणतात कसे,” काकू म्हणाल्या, “साहेब मनापासून बोलले हो.”

असा माणूस निवृत्त होऊन घरी बसला आणि मुलांना लेखन शिकवू लागला. वाईट शिकवत होता म्हणावं, तर तसंही नाही. रेग्झिनच्या टेबलाभोवती सात मुलं बसत. प्रत्येकापुढे टोक काढलेली पेन्सिल असे, आणि टोक काकांनी ब्लेडनं इतकं रेखीव काढलेलं असे की मुलं ती वापरायला कचरत. कुणावर ते ओरडत नसत. कुणाची कुणाशी तुलना नाही, कुणाच्या अक्षराला हसणं नाही. मूल बोलू लागलं की ते खुर्ची पुढे ओढून, मान तिरकी करून ऐकत. तसं ऐकणारा माणूस मी आमच्या शिक्षकांच्या खोलीत पाहिला नव्हता.

पण हे ऐकणं दोनच मिनिटं टिके. मूल तिसऱ्या वाक्यावर अडखळलं की काकांची बोटं टेबलावर वळवळू लागत. मुलाचा अडखळण्याचा आवाज त्यांना, नळ ठिबकतोय आणि कुणी उठत नाही, तसा सहन होत नसे. मग ते अगदी प्रेमानं म्हणत, “दे इकडे.” वही त्यांच्या पुढे जाई, पेन्सिल चालू लागे, आणि पाच मिनिटांत मसुदा तयार. मुलानं तो सुवाच्य अक्षरात उतरवायचा. सही मुलाची, मजकूर काकांचा. चौतीस वर्षांत याहून वेगळी पद्धत त्यांनी पाहिलीच नव्हती.

मी त्यांना खूप समजावलं. ते सगळं मान्य करत होते, आणि मान्य करता करता माझं बोलणं मुद्देसूद करून एका कागदावर उतरवत होते. निघताना त्यांनी तो कागद माझ्या हातात दिला. माझं म्हणणं माझ्यापेक्षा चांगलं मांडलं होतं. काय करता?

आता एक कबुली देते. मुलांच्या वहीत मीही काही कमी लिहीत नव्हते. फरक इतकाच की माझी शाई लाल होती आणि मला पगार मिळत होता. शिवाय आईबाप काकांवर खूश होते. गुण वाढले होते, आणि ते गुण देणारी मीच. त्यामुळे पुढची दोन वर्षं मी जिना चढले नाही. रस्त्यात भेटले की ते विचारत, “पावसावरचा निबंध कसा वाटला?” मी सांगत असे, आणि ते लाजत.

हे सगळं असंच चालू राहिलं असतं, पण मध्ये त्यांची नात आली.

मुलगी आणि जावई नोकरीसाठी दुसऱ्या गावी, म्हणून ही लेकीची मुलगी लहानपणापासून काकांकडेच होती. माझ्याच शाळेतून, पण दुसऱ्या तुकडीतून शिकून गेली. शांत, कामसू, आणि निबंधात कायम पहिली. कारण उघड आहे. सहाव्या वर्षापासून ती त्या टेबलाशी बसलेली, आणि तिच्या आयुष्यातलं प्रत्येक पहिलं वाक्य आजोबांनी दिलेलं.

तिला परिचारिका व्हायचं होतं. काकूंचा पाय मोडला होता तेव्हा ती दहा वर्षांची होती, आणि इस्पितळातल्या एका परिचारिकेनं तिला प्लास्टर म्हणजे काय ते समजावून सांगितलं होतं. तेव्हापासून घरातल्या खुर्च्यांचे पाय बँडेजमध्ये असत. बारावीनंतर तिनं नर्सिंगच्या प्रवेशपरीक्षेला अर्ज केला. त्या संस्थेत एक निबंध समोर बसून लिहावा लागे. रात्रपाळीच्या परिचारिकेनं सकाळच्या परिचारिकेसाठी रोग्याची हकिगत लिहून ठेवायची असते, म्हणून जे पाहिलं ते लिहिता येतं की नाही, हे त्यांना पाहायचं असे. परीक्षेला दोनदाच बसता येई. तिसरी संधी नाही.

पहिल्या वेळी विषय आला, ‘मी पाहिलेला रुग्ण’. आजीचा मोडका पाय डोळ्यांसमोर असताना ही पोर चाळीस मिनिटं कोऱ्या कागदाकडे बघत बसली. पहिलं वाक्य येईना. शेवटी घाबरून तिनं लिहिलं, ‘सदर रुग्णाची प्रकृती समाधानकारक असून पुढील माहिती यथावकाश कळविण्यात येईल.’ मुलाखतीत मुख्य परिचारिकेनं तो कागद पुढे ठेवला आणि विचारलं, रुग्णाला झालं काय होतं? आणि हे यथावकाश कळवायचं कुणी?

घरी आल्यावर तिनं चपला काढल्या, ती पाणी प्यायली आणि टेबलाशी बसली. काका नेहमीप्रमाणे संस्थेला पुनर्विचाराच्या अर्जाचा मसुदा करायला घेत होते. तिनं त्यांच्या हातातली पेन्सिल काढून खाली ठेवली.

“आजोबा, मला पहिलं वाक्य येत नाही,” ती म्हणाली. “तुम्ही मला ते कधी येऊच दिलं नाहीत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी काका माझ्या दारात उभे. सदऱ्याची वरची गुंडी उघडी होती, त्यावरून मी ओळखलं की काहीतरी बिनसलंय. नातीला तुम्ही शिकवा, मी आता टेबलाशी बसणार नाही, असं ते म्हणाले. मी नकार दिला. मी बसले असते तर एका मसुद्याऐवजी दुसरा मसुदा, एवढंच झालं असतं. शिवाय त्या मुलीला शिकवणारा नको होता, ऐकणारा हवा होता, आणि ऐकणं काकांइतकं कुणाला येत होतं? मी म्हटलं, तुम्हीच बसा, पण हात लावू नका.

बोलायला सोपं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. पहिल्या दिवशी काका हातांवर बसले. दहा मिनिटांत हाताला मुंग्या आल्या, म्हणून हात बाहेर काढले, आणि बाहेर आलेला हात थेट वहीवर गेला. दुसऱ्या दिवशी हात खिशात घातले, तर खिशात पेन्सिली. पेन्सिली कपाटात ठेवल्या, तर बोट रेग्झिनवर लिहू लागलं. समोर बसलेली नात ते उलट्या बाजूनं वाचून उतरवून घेई. तिचीही सवय बारा वर्षांची होती, तिला तरी दोष कसा द्यावा?

चौथ्या दिवशी मी गेले होते. काकू खिडकीशी बसून त्यांचं काम करत होत्या. जुने स्वेटर उसवायचे, लोकर धुऊन वाळवायची, तिच्या लडी करायच्या आणि मग लडीचे गुंडे. लड ताणून धरायला त्या खुर्चीची पाठ वापरत. नवऱ्याची बोटं पुन्हा शिवशिवू लागलेली त्यांनी पाहिली, लड खुर्चीवरून उचलली आणि काकांच्या दोन्ही मनगटांवर चढवली.

“धरा,” त्या म्हणाल्या. “खुर्ची तशीही मोडायला आलीय.”

काका हात समोर धरून, हातकडी घातलेल्या आरोपीसारखे बसले. काकू गुंडाळू लागल्या. नात लिहिलेलं वाचू लागली.

हात गेले, पण तोंड होतंच. ती अडली की काका म्हणत, “लिही, पहाटेच्या धूसर प्रकाशात...” काकूंनी त्यावर तोड काढली. त्यांनी मजकूर सांगितला की काकू गुंडाळणं थांबवायच्या. लड संपेपर्यंत हात खाली घेता येत नाहीत, त्यामुळे हात भरून येत, आणि काका मुकाट बसत. प्रश्न विचारला तर चालेल, वाक्य सांगितलं तर नाही, असा नियम ठरला. लगेच काकांनी विचारलं, “पहाटेच्या धूसर प्रकाशात, असं तुला म्हणायचं आहे का?”

काकूंचा हात थांबला. “हा प्रश्न नव्हे,” त्या म्हणाल्या. “वाक्यालाच शेपूट लावलंय.”

त्या आठवड्यात मुलीनं जे लिहिलं ते ऐकून माझाही धीर सुटत होता. चाळीस मिनिटांत तीन वाक्यं. ‘आजीचा पाय मोडला. मी घाबरले. मग पाय बरा झाला.’ काका दाताच्या डॉक्टरकडे बसल्यासारखे डोळे मिटून बसले होते. हे दुरुस्त करायला त्यांना अर्धं मिनिटसुद्धा लागलं नसतं. मलाही नसतं लागलं, खोटं कशाला बोलू? माझा हात पर्समधल्या लाल पेनाकडे गेला होता.

काकूंना मात्र निबंधाचं काही पडलेलं नव्हतं. त्यांना उत्सुकता होती. “घाबरलीस म्हणजे काय केलंस गं?” त्यांनी विचारलं.

मुलगी पेन्सिलीचं टोक रेग्झिनवर घासत राहिली. काकांनी मनगटांवरची लड ताणून धरली, पण मजकूर सांगितला नाही. मग ती म्हणाली, “तुझ्या चपला कपाटामागे लपवल्या. तू उठशील आणि परत पडशील म्हणून.”

काकू त्या चपला आठ वर्षं इस्पितळाच्या नावानं शिव्या देत शोधत होत्या.

काकांनी डोळे उघडले. “हे लिही,” ते म्हणाले. हा मजकूर सांगणं झालं की नाही, याचा काकूंनी क्षणभर विचार केला आणि त्या गुंडाळत राहिल्या.

तिथून गाडी रुळावर आली. पण सुरळीत चालली असं नाही. मधूनच ‘यथावकाश’ आणि ‘तथापि’ उगवत, तणासारखे. पण आता मुलगी वाचता वाचता स्वतःच थांबे आणि म्हणे, हे माझं नाही. शिकवणीच्या इतर मुलांनाही काकांनी नवी पद्धत लावली. मूल वाचणार, काका लड धरणार, काकू गुंडाळणार, आणि दोघं मिळून विचारणार. मग काय झालं? कुणी पाहिलं? तेव्हा तुझ्या हातात काय होतं? निबंध बिघडले. आईबापांनी कुरकुर केली, आणि दोघांनी तर मुलं काढून घेतली. मी वर्गात गुण देताना अडचणीत येई, कारण आता प्रत्येक निबंध वेगळ्याच तऱ्हेनं वाकडा येऊ लागला होता. मांजरवालीच्या नव्या निबंधात मांजरीनं शेजारच्यांचं दूध सांडलं होतं आणि तक्रार प्राप्त झाली होती. मी तिला सात दिले.

अडचण आली ती लोकरीची. तीन महिन्यांत उसवायला स्वेटर उरले नाहीत. काकूंनी एकच तपकिरी स्वेटर तीनदा विणला आणि तीनदा उसवला. गल्लीतल्या बायका जुने मफलर पाठवू लागल्या. शिंपी खालून ओरडून विचारी, “काका, आज हात मोकळे की बांधलेले?” मोकळे असतील तर तो जाहिरातीचा फलक लिहून घ्यायला येणार असे.

वर्षभरानं दुसरी परीक्षा आली. आता ही गेली तर दारच बंद. गुडघ्यांमुळे काकूंना जिना उतरवत नव्हता, म्हणून त्यांनी मला काकांवर लक्ष ठेवायला पाठवलं. नातीनं आत जाताना आजोबांकडे पाहिलं. काका काहीतरी सांगणार होते. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि विचारलं, “पाणी घेतलंस?”

दोन तास आम्ही संस्थेच्या बाहेर बाकावर होतो. पंधरा मिनिटांत काकांचं बोट बाकाच्या फळीवर लिहू लागलं. काकूंनी पिशवी दिलीच होती. मी लड काढून त्यांच्या हातांवर चढवली आणि गुंडाळायला लागले. पहारेकरी दोनदा समोरून गेला. तिसऱ्यांदा त्यानं विचारलं, इथे विक्रीला परवानगी नाही, माहीत आहे ना? काका म्हणाले, आम्ही परीक्षेला आलोय. तो गेला तो परत आला नाही.

मुलगी बाहेर आली. काकांनी विषय विचारला. ‘आमच्या घरातील एक सवय’, असं ती म्हणाली. पहिलं वाक्य काय लिहिलंस, असं त्यांनी विचारलं, तेव्हा तिनं मान हलवली. सांगणार नाही, म्हणाली.

आम्हाला ते कळलं मुलाखतीनंतर. तीच मुख्य परिचारिका होती. कागद पुढे ठेवून तिनं चष्म्यावरून पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, “आजोबांना डॉक्टरांना दाखवलंय का?”

कारण निबंधाची सुरुवात होती, ‘आमच्या घरी रोज चार ते सहा या वेळेत आजोबांचे हात बांधून ठेवावे लागतात.’

मुलीनं निबंध शेवटपर्यंत वाचण्याची विनंती केली. त्या बाईंनी वाचला. मग शेजारच्या दोघांना वाचायला दिला. कुणीतरी हसू दाबलं. शेवटी त्यांनी विचारलं, “हा कुणी लिहून दिला?”

“कुणी नाही,” ती म्हणाली. “त्यांचे हात बांधलेले होते.”

निवडलेल्यांची यादी फलकावर लागली तेव्हा खालून तिसरं नाव तिचं होतं. काकांनी ते तीनदा वाचलं. यादीखालची सूचना मात्र फार लांबलचक आणि गबाळी होती. ती वाचताना त्यांचा हात खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. ते तसेच उभे राहिले आणि मग नातीला म्हणाले, “पहिलं वाक्य चांगलं आहे. मला सुचलं नसतं.”

पुढे मी निवृत्त झाले, तेव्हा आमचे मुख्याध्यापक जुन्या सवयीनं भाषण लिहून घ्यायला काकांकडे गेले. काकांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं, पंखा वळवला, आणि पाऊण तास नुसते प्रश्न विचारले. मुख्याध्यापक घामाघूम होऊन, स्वतःच्याच अक्षरातला चुरगळलेला कागद घेऊन परतले. भाषण फारच वेडंवाकडं झालं. त्यात मी एकदा रागानं डस्टर फेकला होता आणि तो त्यांनाच लागला होता, हेही आलं. मला ते भाषण अजून आठवतं.

नात आता नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. वॉर्डात तिनं लिहिलेली हकिगत सकाळच्या पाळीच्या परिचारिका एकमेकींना वाचून दाखवतात, असं काकू सांगतात, पण काकूंचं सगळंच खरं धरू नये. काकांची शिकवणी मंगळवारी आणि शुक्रवारी असते. घरात पेन्सिल ठेवत नाहीत. मुलं आपापल्या आणतात आणि जाताना घेऊन जातात. कुरिअरवाला आला की काका त्याच्याच पेनानं स्वतःची सही करतात आणि पेन लगेच परत देतात.